मोजणारं इंजिन आणि पाठांतर करणारं इंजिन

नातवाने मोटरसायकलला नवा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवला. मेकॅनिक म्हणाला, आता इंजेक्शनचं ट्यूनिंग करावं लागेल. मी नातवाला विचारलं, अरे, यात कॉम्प्युटर आहे ना? मग त्याचं त्याला कळत नाही का? त्याचं उत्तर शोधताना मजेशीर इतिहास हाती लागला.

कार्बोरेटरच्या काळात प्रश्न सोपा होता. सायलेन्सर मोकळा केला की मेकॅनिक पितळी मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालायचा, चक्कर मारून स्पार्क प्लग काढून बघायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काजळी धरली तर जास्त, बिस्किटासारखा रंग आला की जमलं.

मग आलं इंजेक्शन. १९८० ची कावासाकी झेड१०००-एच१ आणि १९८३ ची बीएमडब्ल्यू के१०० या सुरुवातीच्या गाड्या. दोन्हींत बॉशच्या पद्धतीची योजना होती. हवेच्या वाटेत एक झडप असायची, आत जाणारी हवा ती ढकलायची, आणि झडप किती कलली यावरून पेट्रोल ठरायचं. म्हणजे हे इंजिन हवा खरोखर मोजत होतं. थोडीफार हवा वाढली तर त्याचं ते समजून घ्यायचं.

पण ती झडप म्हणजे हवेच्या वाटेतला अडसरच की! शर्यतवाल्यांना तो कसा चालणार? मास्सिमो बोर्दी यांनी घडवलेल्या डुकाटी ८५१ मध्ये (१९८७-८८) वेबर-मारेल्लीची यंत्रणा आली आणि झडप गेली. थ्रॉटल किती उघडला आणि इंजिनाचे फेरे किती, एवढंच बघायचं आणि चिपमधल्या कोष्टकातून पेट्रोलचा आकडा उचलायचा. १९९० साली रेमंड रोश याच जातीच्या गाडीवर सुपरबाइकचा जगज्जेता झाला.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. हे इंजिन गणित करत नाही, पाढे म्हणतं. आणि पाढे कारखान्यातल्या सायलेन्सरवर तयार केलेले! सायलेन्सर बदलला की उत्तर चुकणारच. म्हणून डुकाटीवाले सायलेन्सरबरोबर चिपही बदलू लागले. पुढे कॉम्प्युटर आणि इंजेक्टर यांच्यामध्ये जोडायची डबी आली, ती पेट्रोलची पिचकारी किंचित लांबवते.

आपल्याकडे हीरो होंडाची ग्लॅमर २००६ मध्ये इंजेक्शन घेऊन आली, २००७ मध्ये बजाजची पल्सर २२०. गंमत म्हणजे २००९ मध्ये तीच पल्सर कार्बोरेटरवर परतली! एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला.

आता धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, मग तो नाही का सांभाळून घेत? घेतो, पण संथ चालीत. तिथे तो एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण धरून बसतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला तेरा भागांच्या आसपास हवा लागते, आणि तिथे सर्वसाधारण सेन्सरचं कोणी ऐकतच नाही, पुन्हा कोष्टकच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, की इंजिन तापतं. म्हणून ट्यूनर जास्त पल्ल्याचा वेगळा सेन्सर लावून, गाडी रोलरवर पळवून कोष्टकातला एकेक आकडा दुरुस्त करतो.

एक मात्र नातवाला सांगितलं. मूळ सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, बाजारातल्या बऱ्याच सायलेन्सरमध्ये तो नसतो. कोष्टक कितीही अचूक केलं तरी ती उणीव भरत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे फेरफार करू देत नाही.