चावी खिशात, सायकल गायब!

मी मूळची नांदेडची. अकरावीला ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला आले, तेव्हा बाबांनी माझी सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली होती. दोन महिन्यांत ती क्लाससमोरून गेली. मागच्या चाकाला कुलूप लावलेलं, चावी माझ्या खिशात. मग गेली कशी? उत्तर कुलपाच्या इतिहासातच आहे.

१८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. ती दारं-कपाटांची कुलपं. आता बघा, दाराला कुलूप लावलं तर घर कोणी उचलून नेत नाही! सायकल मात्र नेतं. आपलं चाकाचं गोल कुलूप फक्त चाक अडवतं, सायकल उचलायला अडवत नाही. माझी तशीच उचलून नेली.

यावर अमेरिकेत ‘यू’ आकाराचं जाड पोलादी कुलूप आलं, क्रिप्टोनाइट. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर खांबाला या कुलपाने बांधून एक सायकल महिनाभर ठेवली. चोरांनी सुटतील ते सगळे भाग काढून नेले, पण कुलपात अडकलेली सायकल तिथेच राहिली! पण २००४ मध्ये याच कंपनीची गोल चावीची काही कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे जगाला कळलं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली.

म्हणजे न तुटणारं कुलूप नसतंच. कुलूप फक्त चोराचा वेळ खातं. म्हणून कुलूप निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: याने सायकलची फ्रेम खांबाला किंवा ग्रीलला बांधता येते का? बारीक वायरचं नको, ते कटरने लगेच तुटतं. जाड साखळी किंवा यू-लॉक घ्या. फ्रेम आणि मागचं चाक, दोन्ही बांधा. चाकाचं कुलूप जोडीला राहू द्या.

आणि आजच एक काम करा. पेडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. कारण १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपल्या बहुतेकांच्या जुन्या सायकली याच हिशेबात बसतात. कायद्याला ती किरकोळ वाटेल, पण क्लासला रोज चार किलोमीटर पायी जाणाऱ्या पोरीला विचारा!

माझी चावी अजून आहे. सायकल काही मिळाली नाही.