सिकलसेलवरच्या औषधांची कुळकथा

भंडारा जिल्ह्यात सिकलसेलची पहिली तपासणी बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. नळीतल्या द्रावणात थेंब पडला की तांबड्या पेशी फुटतात आणि द्रावणातले डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. ही सोल्युबिलिटी टेस्ट. व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’ आहे की रुग्ण, म्हणजे ‘एसएस’, हे मात्र तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.

या चाचण्या आणि पुढची औषधे एकाच प्रथिनाच्या, हिमोग्लोबिनच्या, अभ्यासाशी जोडलेली आहेत. विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केले. कारण उमगायला चार दशके गेली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात ठेवले, तेव्हा ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. दोष रेणूतच आहे, असे एखाद्या आजाराबद्दल प्रथमच दाखवता आले. इलेक्ट्रोफोरेसिसचा आजचा अहवाल याच तत्त्वावर उभा आहे.

1957 मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी दोषाची नेमकी जागा दाखवली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी साखळी जशीच्या तशी. मॅक्स पेरुत्झ 1937 पासून क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनचे स्फटिक तपासत होते. 1960 मध्ये त्यांनी या रेणूची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली आणि 1962 मध्ये त्यांना जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल मिळाले.

पुढे स्फटिकांतून आजाराची यंत्रणा उलगडली. ऑक्सिजन सोडलेल्या रेणूवरचे हे पाणी टाळणारे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत, फेनिलअ‍ॅलनीन 85 आणि ल्युसीन 88 यांच्यापाशी, अडकते. रेणूला रेणू जोडून ताठ धागे बनतात, पेशी वाकते आणि बारीक रक्तवाहिनी तुंबते. पेशीतले हिमोग्लोबिन जितके दाट, तितके धागे झपाट्याने होतात. वैशाखाच्या उन्हात अंगातले पाणी कमी पडले की रुग्णाच्या हाडा-सांध्यांत कळा उठतात, त्याचे एक कारण हे. भरपूर पाणी पिण्याचा साधा सल्लाही असा रेणूच्या रचनेतून समजतो.

प्रथिनाची रचना समोर ठेवून औषध घडवण्याचे अगदी सुरुवातीचे प्रयत्नही हिमोग्लोबिनवरच झाले, ही या कुळातली सर्वांत मोलाची गोष्ट. इंग्लंडमधल्या वेलकम प्रयोगशाळेत बेडेल, गुडफर्ड आणि सहकाऱ्यांनी दोन बीटा साखळ्यांमधल्या पोकळीत बसतील अशी संयुगे आखून तयार केली. तो निबंध 1976 चा. मग त्यांनी ऑक्सिजन धरलेल्या रूपाकडे मोर्चा वळवला. ते रूप टिकले तर धागे बनत नाहीत. अल्फा साखळीच्या टोकाशी जोडले जाणारे त्यांचे अल्डिहाइड संयुग हे व्होक्सेलोटरचे पूर्वज म्हणता येईल. अमेरिकेत 2019 मध्ये व्होक्सेलोटरला मान्यता मिळाली, त्याने हिमोग्लोबिनची पातळीही वाढली. पण चाचण्यांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण चिंताजनक दिसल्याने सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने ते बाजारातून काढून घेतले. रेणू नेमक्या जागी बसणे आणि रुग्णाला बरे वाटणे यांत मोठे अंतर आहे.

आज भारतातल्या रुग्णांचा मुख्य आधार असलेले हायड्रॉक्सियुरिया रचनेवरून घडवलेले नाही. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. त्याचा उपयोग का होतो, हे मात्र रचनेनेच सांगितले: त्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत 87 व्या जागी बीटा साखळीतल्या थ्रिओनीनऐवजी ग्लुटामिन असते आणि ते धाग्यांची जुळणी मोडते. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मान्य झालेला जनुक-संपादनाचा उपचार, कॅसजेव्ही, हेच हिमोग्लोबिन वाढवतो. व्हॅलिन जिथे अडकते ती खाच थेट बुजवणारे औषध मात्र अजून बाजारात आलेले नाही.