'उपचार झालेले' हृदय

'हृदयावर उपचार झाले आहेत' हे वाक्य पूर्ण वाटते. शल्यवैद्यकाचा इतिहास मात्र त्याला पूर्णविराम देत नाही. १९७७ साली अमेरिकेत ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपुढील १००१ रुग्णांच्या हृदयेतर शस्त्रक्रिया अभ्यासून धोक्याचे नऊ घटक मांडले. आधीच्या सहा महिन्यांतील हृदयविकाराचा झटका हा त्यांतील एक प्रमुख. त्याच वर्षी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयरोहिणी रुंदावली. 'आधी हृदय दुरुस्त करावे, मग बाकीचे' या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने त्याला धक्का दिला. स्टेंटनंतर सहा आठवड्यांच्या आत अन्य शस्त्रक्रिया झालेल्या ४० रुग्णांपैकी ८ दगावले. या आठही जणांची शस्त्रक्रिया स्टेंटनंतर चौदा दिवसांच्या आत झाली होती. गुठळीरोधक औषधे थांबवली तर स्टेंट बुजण्याची भीती, चालू ठेवली तर रक्तस्रावाची. २००४ च्या ५१० रुग्णांच्या चाचणीत, स्थिर हृदयविकार असलेल्यांच्या हृदयरोहिण्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी मोकळ्या करूनही दीर्घकालीन मृत्युप्रमाण घटले नाही.

म्हणूनच आज 'उपचार झाले का?' एवढे विचारून भागत नाही. 'कोणते आणि कधी?' हेही विचारावे लागते.