ध्रुवीयता

आंतरराष्ट्रीय राजकारणात निर्णायक बळ किती सत्तांच्या हाती आहे, हे सांगणारी संकल्पना. एकच सत्ता वरचढ असली की व्यवस्था एकध्रुवीय, दोन असल्या की द्विध्रुवीय, त्याहून अधिक असल्या की बहुध्रुवीय. द्विध्रुवीय जग अधिक स्थिर असते, असे केनेथ वॉल्ट्झ यांनी 1964 मध्ये मांडले. त्याच वर्षी कार्ल डॉइच व डेव्हिड सिंगर यांनी नेमका उलट पक्ष घेतला. बळ सैन्यावरून मोजायचे की तिजोरीवरून, यावरच एकमत नसल्याने वाद सुरूच आहे.

हा वाद जोखायला अठराव्या शतकातले दख्खन उत्तम. पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम, श्रीरंगपट्टणचा टिपू आणि टोपीकर म्हणजे इंग्रज अशा चार सत्ता इथे एकमेकींना तोलत होत्या. 1790 मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांसह एकत्र आलेले पेशवे आणि निजाम 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याला एकमेकांवर चालून गेले. इंग्रज तटस्थ राहिले. हरलेल्या निजामाने 1798 मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, 1799 मध्ये टिपू पडला, 1802 मध्ये वसईच्या तहाने पेशवेही निजामाच्याच वाटेने गेले. 1818 पर्यंत एकच ध्रुव उरला होता.

ध्रुवांची ही मोजणी राजधान्यांतून होते, हा तिचा मोठा दोष. उदाहरणार्थ, पैनगंगा नदी ही आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या पलीकडच्या वऱ्हाडात एकाच गावच्या वसुलात नागपूरकर भोसले आणि निजाम असा दोघांचा वाटा असे; त्याला दुअमल म्हणत. म्हणजे रयतेच्या दारात दोन ध्रुव, आणि शेत एकच. डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. चांद्याचे गोंड राज्य तर त्याआधीच, सत्ता अनेक असतानाच, भोसल्यांनी गिळले होते. अनेक ध्रुवांमुळे लहानांना आसरा मिळतो, हे गृहीतक इथे टिकत नाही.

एकच ध्रुव उरल्यावरही लहानांची गत बदलली नाही: 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या जोडेघाटात 1940 मध्ये गोंड नेते कुमरं भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांची मागणी जल, जंगल आणि जमीन ही होती.