पगाराच्या दिवशी गेटवर कोण उभा?

सावकारीचा विषय निघाला की आपल्यातले चार बुकं शिकलेले लोकसुद्धा तोच पाढा म्हणतात. आपली माणसं उधळी. लग्नात उडवतात, जत्रेत उडवतात, दारूत घालतात आणि मग सावकाराच्या दारात जाऊन उभी राहतात. मित्रांनो, हा पाढा आपला नव्हे. तो आपल्याला पढवला गेला आहे. मला इथं एवढंच मांडायचं आहे की आपल्या माणसाला सावकाराकडं ढकललं ते पगाराच्या तारखेनं, पगाराच्या आकड्यानं आणि कागदानं. ह्या तिन्ही गोष्टी कायम दुसऱ्याच्या हातात होत्या. कायदे पुष्कळ झाले. दर कायद्यानंतर सावकारानं आपला कागद बदलला. कायदा मात्र आपल्या वस्तीपर्यंत पोचलाच नाही.

सुरुवात कागदापासून करू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. तिथून दंगा पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. ह्या दंग्यात सावकारांची डोकी फारशी फुटली नाहीत. लोकांनी मागितले ते कर्जरोखे. दिले तर तिथंच जाळले. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसाला नेमकं ठाऊक होतं की आपली मान कुठं अडकली आहे. चाळीस रुपये हातावर ठेवायचे, पन्नास लिहायचे, व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करायचा आणि त्यावर अंगठा घ्यायचा. इंग्रजाच्या कोर्टात अंगठा बोलत होता, माणूस बोलत नव्हता.

सरकारनं चौकशी कमिशन बसवलं आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर ह्या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्याच्या पाठीमागं जाऊन खरं मुद्दल किती, व्याज किती, हे तपासायची मुभा मिळाली. मग सावकारानं काय केलं? त्यानं गहाणखत सोडलं आणि खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली. व्यवहार कर्जाचाच, पण कागद म्हणतो जमीन विकली. तोंडी सांगायचं, पैसे फेड, जमीन परत देतो. तोंडी शब्दाला साक्षीदार कोण? ही युक्ती ध्यानात ठेवा. ती अजून जिवंत आहे.

ह्या सगळ्या इतिहासात महार, मांग, चांभार कुठं आहेत? फारसे दिसत नाहीत. दिसणार कसे? गहाण टाकायला जमीन पाहिजे. महाराच्या वतनाच्या जमिनीवर वतनकायद्याची बंधनं, ती कुळाबाहेर सहजी विकता येत नव्हती. मग उरलं अंग. तेच गहाण पडलं. लेकीच्या लग्नाला, आजारपणाला, दुष्काळात पोटाला घेतलेल्या रकमेपायी बाप सालानं राबला आणि बापामागं पोरगा राबला. ह्या कर्जाला रोखा लागला नाही. त्याची नोंद गावाच्या तोंडात होती आणि गावच पंच होतं. देशात वेठबिगारी बंद करायचा वटहुकूम निघाला तो ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणि कायदा झाला १९७६ साली. म्हणजे सुप्याचे रोखे जळाल्यावर शंभर वर्षांनी.

ह्या सालगडीपणातून सुटायला आपली माणसं मुंबईला पळाली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीच्या झाडूखात्यात लागली. रोख पगार मिळू लागला. रोख पगार आला म्हणजे सावकार सुटायला पाहिजे होता. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे समजून घ्यायला पाहिजे.

मुंबईच्या गिरणीत पगार महिन्यानं होत असे, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नव्हे. पुढचा महिना निम्मा होत आला की मागच्याचे पैसे हातात पडत. नवा माणूस कामाला लागला की दीड महिना त्यानं खायचं काय? मुकादमाला दस्तुरी द्यायची कशातून? वाण्याची उधारी, खोलीचं भाडं, गावची मनिऑर्डर कशातून? म्हणजे कामाच्या पहिल्या दिवसापासूनच तो कर्जदार. त्यानं दारूचा एक थेंब घेतला नसला तरीही. खरं पाहिलं तर त्या दीड महिन्यात कामगारच मालकाला उधार देत होता. आपल्या घामाची बिनव्याजी उधारी. आणि ती भरून काढायला तो स्वतः व्याजानं पैसे काढत होता.

व्याज किती? मुंबईच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. नेहमीचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हिशोब करून पाहा. पन्नास रुपये घेतले तर महिन्याला तीन रुपये दोन आणे नुसतं व्याज. सोळा महिन्यांत पन्नासाचे पन्नास व्याजात फिटले आणि मुद्दल होतं तिथंच.

ह्यात जातीचा वाटा वेगळा आहे, आणि तो लाल झेंड्याच्या इतिहासात नीट लिहिला जात नाही. गिरणीत बरा पगार विणाई खात्यात होता. त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा विटाळ! भांडवलदाराला विटाळ नव्हता, तो सोबतच्या कामगाराला होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत अडकली. पगार कमी म्हणजे महिनाअखेरीची तूट मोठी, तूट मोठी म्हणजे सावकाराकडं खेपा जास्त. विटाळाची किंमत आपण अशी रुपयाला एक आण्यानं मोजली.

पगाराच्या दिवशी गेटवर सोटा घेऊन पठाण उभा असे. ही आठवण जुन्या चाळींत अजून सांगतात. पण एक गोष्ट बजावून सांगतो. पठाणाची गोष्ट सांगणारे वाण्याची आणि मुकादमाची गोष्ट गिळतात. वाणी वहीत मांडत होता, मुकादम नोकरीच्या धाकावर वसूल करत होता. त्यांना सोटा लागत नव्हता, म्हणून ते आठवणीत राहिले नाहीत. सावकाराचा धर्म आणि जात शोधत बसाल तर पगाराची तारीख तुमच्या नजरेतून सुटेल.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशननं १९३१ मध्ये अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांश तरी कामगार कर्जात आहेत आणि पुष्कळांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे, असं त्यात आहे. वसुलीसाठी कारखान्याला घेरा घालणं हा गुन्हा धरावा, असंही कमिशननं सुचवलं. बंगालमध्ये १९३४ साली त्यासाठी कायदा झाला. १९३६ साली वेतन अदा करण्याचा कायदा आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथं मुदत संपल्यापासून सात दिवसांत, बाकी ठिकाणी दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे, असं ठरलं. सावकारीविरुद्धचा खरा कायदा मला हाच वाटतो. त्यात सावकाराचं नावसुद्धा नाही, पण त्यानं तारखेला हात घातला.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. महारवतन, खोती आणि सावकारी हे तीन प्रश्न त्यांनी कायदेमंडळात एकाच कामाचे भाग म्हणून धरले. सावकारीचं नियमन करणाऱ्या विधेयकाचा मसुदा त्यांनी केला होता. आपल्या भाषणांतून आपण चवदार तळं आणि काळाराम सांगतो, ते सांगायलाच पाहिजे. पण वहीवर आणि व्याजावर बोलणारे बाबासाहेबही तरुणांना सांगायला पाहिजेत. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, हे आपण नुसतं पदव्यांच्या यादीत वाचतो.

पुढं मुंबई सावकारी कायदा, १९४६ आला. परवान्याशिवाय धंदा करायचा नाही, वह्या ठेवायच्या, पावती द्यायची, दरावर मर्यादा, वसुलीसाठी छळ केला तर शिक्षा. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्टातून हुकूमनामा मिळणार नाही. कायदा चांगलाच. पण बिनपरवान्याचा सावकार कोर्टात जातोच कशाला? त्याचं कोर्ट म्हणजे नाक्यावरची चार पोरं. आणि जो परवाना घेतो, तो एक वही सरकारला दाखवतो आणि दुसरी उशाखाली ठेवतो.

ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला. नंतर त्याचा कायदा झाला. अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि ठरावीक उत्पन्नाखालचे कामगार ह्यांची सावकारी कर्जं रद्द झाली आणि गहाण वस्तू परत करायचा हुकूम निघाला. सावकार सुप्रीम कोर्टात गेले. जानेवारी १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला आणि कायदा टिकला. पण जुनं कर्ज पुसलं तरी पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला पैसे कुठून आणायचे, हे त्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. माणूस पुन्हा त्याच दारात गेला. ह्या वेळी कागद आणखी कोरा होता.

आता आजच्याकडं या. १९४६च्या कायद्याची जागा २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं घेतली आहे. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी सरकारनं दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना तारणावर १५, विनातारण १८. आणि नाक्यावर 'दहा टक्के' म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात. दहा हजारांवर कायद्यानं महिन्याला जास्तीत जास्त दीडशे रुपये होतात, नाक्यावर हजार जातात. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही ह्या कायद्यात आहे.

१८७९ची ती खरेदीखताची युक्ती आठवते ना? ह्या कायद्याच्या कलम १८मध्ये तिच्यावर उत्तर आहे. सावकारीच्या व्यवहारात खरेदीखतानं किंवा दुसऱ्या कागदानं जमीन गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी करून जिल्हा उपनिबंधक ती परत देऊ शकतात. एकशे पस्तीस वर्षांनी का होईना, कायद्यानं कागदाच्या पाठीमागं पाहिलं. दलिताची जमीन बेकायदा बळकावणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे. दोन्ही हत्यारं हातात ठेवा.

आणि सावकारानं पुन्हा कागद बदललाच. आता तो मोबाईलच्या ॲपमध्ये बसला आहे. पाच हजार मंजूर म्हणतो, फी कापून साडेतीन देतो, आठवड्यात पाच मागतो. सुप्याचे चाळीस देऊन पन्नास लिहिलेलेच हे! दिले नाहीत तर फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना शिव्या जातात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली, त्यांतली ६०० बेकायदा. सप्टेंबर २०२२च्या नियमांप्रमाणं ॲपला तुमच्या फोनमधली नावं उपसता येत नाहीत. मात्र एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा मे २०२२चा निकाल आहे. मायक्रोफायनान्सच्या व्याजावरची मर्यादाही त्याच वर्षी उठली. म्हणजे वस्तीतल्या बायकांच्या गटाला जो हप्ता द्यावा लागतो, त्याच्या दराला वरची मर्यादा राहिलेली नाही. लढाईचं पुढचं ठिकाण हे आहे.

तोवर वस्तीत काय करता येईल? सावकाराचा परवाना मागा. त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. पावती मागा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही होऊ देऊ नका. कोण किती घेऊन किती फेडून बसलं आहे, हे एका वहीत तारखेनिशी मांडा. ह्या बाबतीत आपली वही सावकाराच्या वहीपेक्षा चोख पाहिजे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं, सहकार खात्यात, लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्या बाईला पाठवू नका, दहा जण जा. ॲपवाला असेल तर १९३०वर सायबरची तक्रार नोंदवा. आणि ठेकेदार पगार कधी करतो, त्याची तारीख लिहून ठेवा. सफाईच्या ठेक्यावर, सिक्युरिटीत, बांधकामावर आपलीच पोरं आहेत आणि त्यांचा पगार अजून लांबतो. सावकाराच्या नावाची तक्रार करताना पगार थकवणाऱ्या ठेकेदाराची तक्रारही सोबत जोडा. एकाची वही दुसऱ्याच्या उशिरावर चालते.

जयभीम.