चोपड्याचा मुक्काम : टॉमस रोच्या वकिलातीतील खानदेशचे पान

परराज्याच्या वकिलास यजमान राज्याने कोणते संरक्षण द्यावे, त्याच्या सामानास जकातीची झडती लागू असावी की नसावी, आणि त्याच्या देशाच्या रयतेची कामे कोणी व कोणत्या अधिकाराने पाहावीत, हे प्रश्न आज व्हिएन्ना येथील १९६१ व १९६३ च्या दोन करारांनी बव्हंशी निकालात काढले आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी असा कोणताही लेखी संकेत अस्तित्वात नव्हता. तरीही व्यवहार चालतच होता, आणि तो कोणत्या रूढीने चाले हे पाहण्यास दरबारापेक्षा दरबाराची वाट अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास गेला. ही वाट खानदेशातून जाते. आजचे नंदुरबार, धुळे व जळगाव हे तिन्ही जिल्हे तिने ओलांडले जातात. विल्यम फॉस्टर यांनी हॅक्लूट सोसायटीसाठी १८९९ साली संपादिलेली रोची रोजनिशी अभ्यासकांच्या नित्य हाताशी असते. परंतु ती वाचणारे बहुतेक जण बऱ्हाणपूर व अजमेर येथील दरबारी प्रसंगांवर थांबतात आणि मधली पाने उलटून टाकतात.

प्रथम रोच्या स्थितीचा विचार केला पाहिजे. तो राजाचे पत्र घेऊन आला होता खरा. पण त्याचा वर्षाचा सहाशे पौंड पगार ईस्ट इंडिया कंपनी देत होती. त्याच्यापूर्वी हॉकिन्स, कॅनिंग व एडवर्ड्स असे तिघे इंग्रज मोगल दरबारी येऊन गेले होते. त्यांपैकी प्रत्येकाने कमीअधिक प्रमाणात राजवकिलाचा मान मागितला होता, आणि प्रत्येक जण अखेर व्यापारीच असल्याचे दरबारास दिसले होते. त्यामुळे १६१५ च्या सप्टेंबरात रो सुरतेच्या बंदरावर उतरून आपण खरा वकील आहोत, आपल्या माणसांची व सामानाची झडती होता कामा नये, असे सांगू लागला तेव्हा तेथील अंमलदारांनी त्याचे म्हणणे सहज मानले नाही. आलिंगनाच्या मिषाने त्याच्या माणसांचे अंग चाचपण्याचा प्रकारही घडला. रोने याचा मोठा गवगवा केला आहे. आमच्या इंग्रज चरित्रकारांनीही त्याचीच री ओढली. परंतु तीन तोतये वकील पाहिलेल्या जकातदाराने चौथ्याकडे संशयाने पाहावे यात नवल ते काय?

सुरतेहून नवापूरच्या बाजूने तो नंदुरबारास आला, व तेथून निमगूळ, शिंदखेडे, थाळनेर, चोपडे, अडावद व रावेर असे मुक्काम करीत १४ नोव्हेंबरास बऱ्हाणपुरी पोहोचला. (हा दिनांक जुन्या इंग्रजी पंचांगाचा आहे, आजच्या गणनेने त्यात दहा दिवस मिळवावे लागतात.) या मुलखाविषयी त्याचे मत चांगले नाही. गावे मातीची, माणसाने विसावा घ्यावा असे घर नाही, अशी त्याची तक्रार आहे. नंदुरबारास त्याला पाव मिळाला, पुढे बऱ्हाणपुरापर्यंत मिळाला नाही. भाकरी ही त्याच्या लेखी पावाच्या जमेस धरण्याजोगी नसावी! मात्र याच माणसाने एके दिवशी धान्याने लादलेले दहा हजार बैल एका तांड्यात पाहिले व तसे लहान तांडे रोजच भेटत असल्याचे नमूद केले आहे. वंजाऱ्यांच्या या वाहतुकीवरून देशाची समृद्धी दिसते, हेही त्याने कबूल केले आहे. घरे मातीची असून मुलूख सधन असू शकतो, या दोन गोष्टींचा मेळ मात्र त्याला घालता आला नाही. खानदेशच्या पांढऱ्या मातीच्या धाब्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांस तो घालून दाखविण्याची गरज नाही.

थाळनेर ही फारुकींची पहिली राजधानी. मलिक राजाची व त्याच्या वंशजांची थडगी तेथे आहेत. रो आला त्या वेळी फारुकींचे राज्य जाऊन जेमतेम पंधरा वर्षे लोटली होती. अकबराने १६०१ च्या जानेवारीत अशीरगड घेऊन खानदेश मोगल सुभा केला, व राजपुत्र दानियाल याच्या नावावरून त्यास काही काळ दानदेश असेही म्हटले जाई. म्हणजे रो ज्या अंमलदारांस भेटत होता ते एका नव्याने बसविलेल्या अंमलाचे सेवक होते. पुढील प्रसंग समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

चोपड्यास रोने आपल्या रिवाजाप्रमाणे गावाबाहेर डेरे दिले. तेव्हा बादशाही अंमलदार येऊन त्यास सांगू लागले की, डोंगरात दोनशे चोर आहेत, बाहेर राहणे धोक्याचे आहे, आपण गावात यावे. रोने नकार दिला. चोर आलेच तर त्यांतील काही जण सकाळी येथे पडलेले आढळतील, अशा अर्थाची फुशारकीही त्याने मारली. अंमलदारांनी उत्तर केले की, आपणांस काही इजा झाल्यास बादशहापुढे आम्हांस जाब देता येणार नाही. सबब आपण हट्टाने बाहेरच राहणार असाल तर आम्ही आगाऊ सूचना दिली होती असे लिहून द्यावे. रोने हलण्यास नकार देऊन उलट अधिक पहारा मागितला. तो मिळाला. गावचा अधिकारी स्वतः तीस स्वार व वीस बंदुकची घेऊन आला आणि रात्रभर डेऱ्यांभोवती जागत बसला.

रोजनिशीत हा प्रसंग काही ओळींत आटोपतो. वाचकास तो रोच्या धैर्याचा नमुना म्हणून सांगितला आहे. आम्ही तो निराळ्या दृष्टीने वाचतो. मोगल अंमलात आपल्या हद्दीतील वाटमारीबद्दल स्थानिक फौजदारास जबाबदार धरण्याची पद्धत होती: त्याने चोरीचा माल काढून द्यावा, नाहीतर भरपाई करावी. चोपड्याचे अंमलदार हीच सामान्य जबाबदारी परक्या वकिलास लागू करीत होते, व ती लागू होते याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. सुरतेत रो वकील आहे की व्यापारी याचा वाद चालला. चोपड्यात तो वाद कोणी काढलाच नाही. बादशहाच्या भेटीस निघालेला मनुष्य आपल्या हद्दीत सुखरूप राहिला पाहिजे, एवढे त्यांस पुरेसे होते. आणि तो ऐकत नसेल तर दोष कोणाचा, हे कागदावर आले पाहिजे. वकिलाच्या देहास इजा होऊ नये म्हणून यजमान राज्याने योग्य ती सर्व उपाययोजना करावी, असे १९६१ च्या कराराचे एकोणतिसावे कलम सांगते. त्या कलमाचा आशय एका कसब्याच्या अधिकाऱ्यास साडेतीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होता. रोजनिशीत भाव खाऊन जातो तो रो. रात्र जागून काढली ती त्या अनाम अधिकाऱ्याने.

बऱ्हाणपुरात कोतवाल निशाणे घेऊन सामोरा आला, पण उतरण्यास मिळाली ती सराईतील भट्टीसारखी चार खोपटी. रो आपल्या तंबूतच राहिला. शाहजादा परवीझ याच्या दरबारात त्यास भुईपर्यंत मस्तक लववण्यास सांगण्यात आले. आपण मानाने भेटीस आलो आहोत, सेवकाचा रिवाज आपणांस लागू नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. चांदीने मढविलेल्या खांबास टेकून उभे राहण्याची सवलत मिळाली. पुढे खासगी भेट ठरली होती, पण रोने नजर केलेल्या पेटीतील मद्याच्या बाटल्यांनी शाहजाद्याचा इतका कबजा घेतला की ती भेट झालीच नाही. तथापि बऱ्हाणपुरात इंग्रजांनी वखार घालावी याची परवानगी मिळाली. हे काम वकिलातीचे खरे फलित होय.

रोने पुढील तीन वर्षांत मागितलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्यांत राजकारण थोडे आणि आज ज्यास आपण वाणिज्य दूताचे काम म्हणतो ते फार. बादशहास आलेल्या नजराण्यांच्या पेट्या जकातीवर फोडू नयेत. मृत इंग्रजाची मालमत्ता जप्त न होता त्याच्या देशबांधवांच्या हवाली व्हावी. इंग्रजांचे आपसांतील तंटे त्यांनीच मिटवावेत. यांपैकी शेवटची सवलत १६१८ मध्ये शाहजादा खुर्रमकडून मिळाली. सर्वंकष तह मात्र रोच्या पदरी पडला नाही. जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात त्याचा नामोल्लेखही केलेला नाही. बादशहास रस होता तो निराळ्याच देवघेवीत. रोजवळचे एक लहान इंग्रजी चित्र घेऊन त्याने आपल्या चितारांकडून त्याच्या नकला करविल्या आणि रात्री दिव्याच्या उजेडात सहा चित्रे मांडून मूळ कोणते ते ओळखण्यास रोला सांगितले. रोला ते ओळखण्यास वेळ लागला, व बादशहा आनंदला. पुढे रोनेच कंपनीस कळविले की, राजवकिलाचा बडेजाव येथे शोभत नाही. एखादा हलक्या दर्जाचा प्रतिनिधी कंपनीची कामे अधिक बरी करील.

तसे प्रतिनिधी पुढे खानदेशात आले. १६७४ मध्ये इंग्रजांनी धरणगावास कापडाच्या खरेदीसाठी वखार घातली, आणि १६७५ मध्ये मराठी फौजेने ती लुटली. भरपाई मागण्यासाठी कंपनीने त्याच वर्षी सॅम्युएल ऑस्टिन यास रायगडी पाठविले. एक वर्षापूर्वी राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन तेथे येऊन राजापूरच्या वखारीच्या भरपाईसह तह करून गेला होता, त्यामुळे कंपनीस आशा वाटणे स्वाभाविक होते. पण राजापूर व धरणगाव यांत फरक होता. धरणगाव मोगलांच्या मुलखात होते. शत्रूच्या प्रदेशात झालेल्या नुकसानीची जबाबदारी महाराजांनी स्वीकारली नाही. चोपड्याच्या अधिकाऱ्याने ज्या हद्दीच्या तत्त्वावर रात्रभर पहारा केला, त्याच तत्त्वाची ही दुसरी बाजू होती, आणि इंग्रजांस ती मुकाट्याने मान्य करावी लागली. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव पुन्हा लुटले.