गोरखचिंच कोणी आणली?

गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब वृक्ष, पोर्तुगीजांनी आणली, हे सरसकट विधान मला पटत नाही. वसईच्या किल्ल्यात ती दिसते, म्हणून तसा तर्क होतो खरा. पण समुद्रापासून इतक्या दूर, माळव्यातल्या मांडवगडावर ती कोणी रुजवली? माळव्याच्या सुलतानांकडे हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले, चाकर होते, हे इथे विसरू नये. 2015 च्या जनुकीय अभ्यासात भारतातली झाडे मोंबासा ते दारेसलाम किनाऱ्यावरच्या झाडांना सर्वांत जवळची ठरली. शिवाय आफ्रिकेतल्या नमुन्यांत न सापडलेल्या जनुकखुणाही त्यांच्यात मिळाल्या. एवढा वेगळेपणा दोन-चार पिढ्यांत आला नसावा. आग्नेय भारतातली झाडे मात्र युरोपीय वसाहतींच्या जहाजांतूनच आली असावीत, हे मान्य. गुजरातच्या कोळ्यांनी तिची सुकी फळे जाळी तरंगती ठेवायला बांधली, आंबट गराचे सरबत झाले, आणि नाव मिळाले ते गोरखनाथांचे.